मेडलची कड

धाकलू गावडे दुकानाची पायरी चढून आले तेव्हा सुभेदार मेजर सरनोबत आरशासमोर हात पसरून उभे होते, आणि मी त्यांच्या ब्लेझरच्या काखेत टाचण्या लावत होते. साल एकोणनव्वद, जानेवारीची तेवीस तारीख. आमचं दुकान बेळगावच्या कॅम्पात. सव्वीस जानेवारीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमची दिवाळी. नोकरीतले, रिटायर झालेले, त्यांच्या विधवा, सगळे आपापली मेडलं घेऊन येतात. कुणाची फीत विटलेली असते, कुणाची पिन तुटलेली, कुणाला नवं मेडल जुन्या पट्टीवर चढवून हवं असतं. हे काम गावातला कुठलाही शिंपी करत नाही. आमच्या घरात ते आजोबांपासून चालत आलंय.

गावडे पन्नाशी उलटलेले, काटकुळे, चंदगडकडचे. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पायात फौजेतून आणलेले जुने बूट. त्यांनी एका निळ्या काठाच्या रुमालाची गाठ सोडली आणि मेडलं काउंटरवर ठेवली. दोन एका पट्टीवर शिवलेली होती, एक सुटं होतं.

"हे त्या दोघांच्या पुढं बसवायचं, गे," ते मला म्हणाले. "दरवेळी हावळ मामा करून देतात. दिसत न्हाईत ते?"

हावळ मामा म्हणजे माझे बाबा. त्यांच्या डोळ्यांचं दिवाळीत ऑपरेशन झालं होतं. ते दुकानामागच्या खोलीत काळा चष्मा लावून बसत आणि मशीनच्या आवाजावरून टाका कुठे चुकला ते तिथूनच सांगत. दुकान मी बघत होते. मी एकतीस वर्षांची, सासरहून कायमची परत आलेली, आणि मला हे काम येतं हे अख्ख्या कॅम्पाला दाखवून देण्याची भारी घाई झालेली. ही घाईच पुढे नडली.

मी सुटं मेडल उचललं आणि ओळखलं. लाल फीत, मधोमध पांढरी बारीक रेघ, चांदीवर टोक वर केलेली संगीन. सेना मेडल. शौर्याचं. असं मेडल वर्षाकाठी दोन-तीनदाच हातात येई. सरनोबतांनीही आरशातून ते पाहिलं आणि अंगावरच्या टाचण्यांची पर्वा न करता वळले. कोण, कुठले, त्यांनी विचारलं. गावड्यांनी गावाचं नाव सांगितलं तसे सरनोबतांचे डोळे चमकले. त्या गावच्या शाळेची नवी इमारत झाली होती, सव्वीस तारखेला तिथे पहिलं झेंडावंदन होतं आणि सरनोबत प्रमुख पाहुणे होते. झेंडा गावातलाच एक मेडलवाला जवान चढवणार असं हेडमास्तरांनी त्यांना कळवलं होतं. तो जवान म्हणजे हे गावडे.

"वा," सरनोबत म्हणाले. "मग आपण दोघं एकाच व्यासपीठावर. कुठल्या लढाईचं हे?"

"एकाहत्तरचं, सायब. असंच, एका बांधावरचं," गावडे म्हणाले आणि बाकाच्या कडेला बसले. बोलायची हौस नसलेला माणूस होता. पण चेहरा खुललेला होता. शाळेसाठी गावानं वर्गणी कशी काढली, पोरी लेझीम कशा बसवतायत, हे मात्र त्यांनी न विचारता सांगितलं. हेडमास्तर स्वतः घरी येऊन बोलावून गेले, हे दोनदा सांगितलं.

मी फीत बदलली. जुनी विटून तपकिरी झाली होती. मग तिन्ही मेडलं एका पट्टीवर ओळीनं लावून टाके घातले, एकाची कड दुसऱ्याच्या खाली सरकणार नाही असे. काम सुंदर झालं होतं, माझं मलाच कौतुक वाटलं. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

बाबांनी मला हे काम शिकवताना दोन नियम सांगितले होते. पहिला सगळ्यांनाच ठाऊक असतो: स्वतः कमावलेलं मेडल डाव्या छातीवर लावायचं, आणि गेलेल्या माणसाचं मेडल त्याच्या घरच्यांनी लावलं तर उजव्या. दुसरा त्यांचा स्वतःचा होता. मेडलच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत ज्याचा त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. बाबा म्हणत, फीत वाचायची, कड वाचायची नाही. माणूस मेडल घेऊन आला की ते त्याचं. आपण शिंपी आहोत, कोर्ट नव्हे.

मला हा नियम पटत नसे, आणि त्या आठवड्यात तर मुळीच पटत नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी कुणीतरी बाजारातून विकत घेतलेली मेडलं आमच्याकडून चढवून नेली होती आणि एका लग्नात छातीवर मिरवली होती. ते सरनोबतांच्या कानावर गेलं. त्यांनी दुकानात येऊन, चार गिऱ्हाइकांदेखत, मला ऐकवलं होतं की हावळांच्या दुकानात आता कुणीही यावं आणि काहीही चढवून न्यावं, बाईमाणसाला काय कळतंय. ते शब्द माझ्या अंगात काट्यासारखे रुतले होते. आज तेच सरनोबत समोर उभे होते. मला कळतंय हे दाखवायची याहून चांगली संधी कुठली?

मी खणातलं भिंग काढलं. उगाच थोडं वर धरलं, त्यांना दिसेल असं. पहिल्या साध्या मेडलच्या कडेवर गावडे होतं. दुसऱ्यावरही गावडे. सेना मेडल फिरवलं. लान्स नाईक, पी. रेडेकर.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "मामा, ह्याच्यावर तुमचं नाव नाही. रेडेकर लिहिलंय."

गावड्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. घरातल्या पोरीनं पाहुण्यांसमोर भलतंच बोलून जावं आणि मोठ्या माणसानं नुसतं बघावं, तसं पाहिलं. तेवढ्यात सरनोबतांनी माझ्या हातातून पट्टी आणि भिंग दोन्ही घेतलं होतं.

"कुणाचं हे?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम परेडचा झाला.

"यंदा माझ्याकडं असतंय," गावडे म्हणाले.

"यंदा म्हणजे? मेडल काय शेळी आहे, यंदा माझ्याकडे आणि पुढच्या साली तुझ्याकडे? हा रेडेकर कोण?"

"परसू. माझ्या सेक्शनचा. आंबोलीकडं असतोय."

"जिवंत आहे?"

"हाय की."

सरनोबत बाकासमोर उभे राहिले. वाईट माणूस नव्हता तो. तीस वर्षं नोकरी केलेला, दोन लढाया पाहिलेला, आणि मेडल म्हणजे देव्हाऱ्यातली वस्तू मानणारा. म्हणूनच संतापला. त्यांनी सांगितलं की मेडल एका माणसाला मिळतं, एका माणसाच्या छातीसाठी. ज्यानं दुसऱ्याचं चोरलं तो चोर. पण ज्यानं आपलं मेडल दुसऱ्याला मिरवायला दिलं तो चोराहून वाईट, कारण त्यानं सरकारनं दिलेला मान भाड्यानं दिला. असल्या माणसाचं मेडल परत घ्या म्हणून मी स्वतः वर लिहीन, आणि लिहिल्याशिवाय राहणार नाही.

मग त्यांनी सावकाश विचारलं, "आता नीट सांग. हे तुला रेडेकरनं दिलं का?"

गावड्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर रस्त्यावरून बँडचा सराव चाललेला ऐकू येत होता. मला वाटलं आता काहीतरी सबब सांगतील. ते उठून उभे राहिले. टाचा जुळल्या.

"न्हाई, सायब. परसूनं दिल्यालं न्हाई. मीच त्याच्या घरातनं उचललं."

"त्याला ठाऊक नाही?"

"त्याला कायबी ठावं न्हाई."

सरनोबतांनी पट्टी माझ्यासमोर टाकली आणि सेना मेडल सोडवायला सांगितलं. पाच मिनिटांपूर्वी मी घातलेले टाके मीच ब्लेडनं उसवले. गावडे बघत होते. त्यांची दोन मेडलं मी त्यांच्यापुढे सरकवली, तिसरं सरनोबतांच्या हातात दिलं.

सरनोबत म्हणाले की तुझ्या वयाकडे बघून पोलिसांत देत नाही, हे मी ज्याचं त्याला पोचतं करीन, पण सव्वीस तारखेला तू झेंड्याच्या दोरीला हात लावायचा नाहीस. हेडमास्तरांना मी कळवतो.

गावड्यांनी मान हलवली. जाता जाता ते काउंटरपाशी थांबले आणि मला म्हणाले, "फीत नवी घातलीस न्हवं? बरं झालं गे. जुनी पार गेल्ती." आणि पायऱ्या उतरून निघून गेले. निळ्या काठाचा रुमाल काउंटरवरच राहिला. मी हाक मारली नाही.

सरनोबत मात्र माझ्यावर खूश झाले. बापापेक्षा लेक तयार आहे, म्हणाले. इतके दिवस जे ऐकायला मी तडफडत होते ते अखेर कानावर आलं. मी त्या दिवशी दुपारी जेवण चांगलं जेवले, हे मला लख्ख आठवतं.

दिवेलागणीला बाबांना चहा दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "पमू, गावडे आले होते ना? आवाज ओळखला मी, पुढचं बँडमध्ये बुडालं. यंदा त्यांचंच असतं."

मी सगळं सांगितलं. थोडं तिखटमीठ लावूनच सांगितलं असेन. बाबा ऐकत राहिले. काळ्या चष्म्यामुळे त्यांच्या डोळ्यांत काय चाललंय ते दिसत नव्हतं.

"कड वाचलीस," ते म्हणाले.

"वाचली म्हणून तर कळलं."

"काय कळलं? नाव कळलं. सोळा वर्षं ते दोघं येतायत, गावडे आणि तो रेडेकर. एका साली हा, दुसऱ्या साली तो. ज्याचं साल असेल तो आपली पट्टी आणतो आणि मी ते मेडल तिच्यावर चढवून देतो. दोघं मिळून कधीच आले नाहीत. पण मेडल तेच, रुमाल तोच."

"मग तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"कशाला विचारू? दोन जाणती माणसं सोळा वर्षं न चुकता एक गोष्ट करतायत, तर तिला काही कारण असेल एवढं मला कळतं. ते कारण काय, ते मी शिवत नाही." चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला. "उद्या पहिल्या गाडीनं चंदगडला जा. त्यांना सांग, चूक झाली."

मला राग आला. "माझी चूक कुठे आहे? नाव त्यांचं नव्हतंच. आणि त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं."

"तेच तर," बाबा म्हणाले. "चोरानं कधी एवढ्या सहज कबूल केलंय?"

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, ही सबब खरी होती. सव्वीस तारीख उलटल्यावर ती सबब संपली, मग दुसरी निघाली, मग तिसरी. बाबांनी तीन-चारदा आठवण केली आणि मग बोलायचं सोडलं. तो रुमाल मी धुऊन, इस्त्री करून खणात ठेवला होता. गावडे कधीतरी येतील तेव्हा देऊ, असं स्वतःला सांगत होते. ते येणार नाहीत हे मला चांगलं माहीत होतं. खरं सांगायचं तर आत कुठेतरी मला सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं वाटत होतं.

गावाकडच्या बातम्या गिऱ्हाइकांकडून कळत. नव्या शाळेचा झेंडा सरपंचांनी चढवला. सरनोबतांनी भाषणात नाव घेतलं नाही, पण मेडल कमवावं लागतं, उचलता येत नाही, असं काहीतरी बोलले. गावाला तेवढं पुरलं. ज्या गावानं सोळा वर्षं सालाआड त्या छातीवर ते मेडल पाहिलं होतं, त्याच गावातली टारगट पोरं पारावरून त्यांना "ओ रेडेकर" अशी हाक मारू लागली. तिकडचा एक ड्रायव्हर आमच्याकडे पँट शिवायला येई, तो हे हसत हसत सांगे. पुढे पुढे गावडे बाजारालाही येईनासे झाले, असं तोच म्हणाला. मी मापं घेत राहिले.

नव्वदच्या जानेवारीत दोघांपैकी कुणीच आलं नाही.

एक्याण्णवच्या जानेवारीत, एकवीस किंवा बावीस तारीख असेल, एक उंच म्हातारा दुकानात आला. त्यानं डाव्या हातानं कोटाच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली. उजवा हात कोटाच्या बाहीत अर्धा लपलेला होता. पुडी उघडायला मी मदत केली तेव्हा तो हात दिसला. अंगठा आणि त्याच्याजवळची दोन बोटं मुळापासून नव्हती. पुडीत सेना मेडल होतं. माझीच फीत, दोन वर्षांत एकदाही न वापरलेली, लालभडक.

मी कड पाहिली नाही. पाहायची गरज नव्हती. "रेडेकर मामा?" मी विचारलं.

"व्हय. आणि तू हावळांची लेक. भिंगवाली."

मला खाली बघावंसं वाटलं. त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. गावडे मामा कसे आहेत, हे विचारायला माझी जीभ उचलेना. त्यांनीच सांगितलं. धाकलू दिवाळीनंतर गेला. ताप आला, आठ दिवस अंथरुणाला होता, गेला.

मी खणातून रुमाल काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. दुसरं काय करावं ते सुचेना. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, उलगडला, परत घडी घातली. इस्त्री मोडली तरी घडी नीट जमेपर्यंत घालत राहिले. मग बोलले. त्यांच्याच शब्दांत सांगितलं तर पुष्कळ लांबेल. पण झालं होतं ते असं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पूर्वेकडच्या सरहद्दीवर त्यांची पलटण सकाळच्या धुक्यात भातखाचरांत अडकली होती. समोर रेल्वेचा बांध आणि बांधावर शत्रूची मशीनगन. मान वर काढली की माणूस जायचा. ह्यांच्या सेक्शनची एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, दोघांच्या हातात असे. नंबर एक गोळ्या झाडणार, नंबर दोन गोळ्यांचं मॅगझिन बदलणार. नंबर एक रेडेकर, नंबर दोन गावडे. दोघं सरपटत बांधाच्या कुशीपर्यंत गेले आणि पहिल्याच फैरीत रेडेकरांच्या उजव्या हाताची बोटं गेली. गावड्यांनी बंदूक ओढून घेतली. पुढचा पाऊण तास झाडली ती गावड्यांनी, आणि रेडेकर डाव्या हातानं आणि दातांनी मॅगझिनं भरत, बदलत राहिले. बांधावरची गन बंद पडली. पलटण उठली.

"पलटणीचा सायब लांब होता," रेडेकर म्हणाले. "त्यानं लिवलं ते बरोबरच लिवलं. एलएमजी नंबर एकनं गन बंद पाडली. नंबर एक कोण, तर रजिस्टरात रेडेकर. बंदूक माझ्या नावावर, म्हणून मेडल माझ्या नावावर. मी दवाखान्यात. तिथंच कळलं. मी सांगितलं सायबाला, झाडली धाकलूनं. सायब म्हणाला, कागद वर गेला, आता गप ऱ्हा."

मेडल आलं तेव्हा रेडेकर ते घेऊन थेट गावड्यांच्या घरी गेले. हे तुझं, म्हणाले. गावडे घेईनात. तू मॅगझिन दिलं नसतंस तर मी काय दगड झाडणार होतो, म्हणाले. दोघांनी दिवसभर वाद घातला. शेवटी गावड्यांच्या बायकोनं वैतागून तोडगा काढला. बारशाची झबली आम्ही जावा-जावा वापरतो तसं वापरा की, एका साली एकानं, एका साली एकानं. पेटीतल्या निळ्या काठाच्या रुमालात तिनंच ते बांधून दिलं. त्र्याहत्तरचं पहिलं साल गावड्यांचं. तेव्हापासून सम साल रेडेकरांचं, विषम गावड्यांचं. ज्याचं साल संपेल तो फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी दुसऱ्याच्या घरी मेडल पोचवणार आणि जेवून परतणार. सोळा वर्षांत एकदाही चुकलं नाही.

आता कुठे मला कळलं, की गावडे बाकावरून उठून ताठ का उभे राहिले होते. सरनोबत म्हणाले होते, दिलं असेल तर त्याचं मेडल काढून घ्यायला लावीन. त्या माणसाकडे दोनच उत्तरं होती. खरं सांगितलं असतं तर मेडल जाणार होतं आणि परसू खोटा ठरणार होता. म्हणून ते चोर झाले.

"पण तुम्ही नंतर तरी सांगायचं," मी म्हणाले. हे बोलायचा मला काय अधिकार होता कोण जाणे.

"मी तवा रत्नागिरीला लेकीकडं. परत आलो तर एसटी स्टँडवर धाकलू हुभा. गाडीतनं उतरू दिलं न्हाई नीट, आधी शपथ घातली. तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील म्हणाला. म्हणतोय, मला गाव दोन दिवस हसंल आणि इसरंल, तुझा कागद दिल्लीत हाय, तो फाटला तर जोडता यायचा न्हाई." रेडेकरांनी रुमालाची घडी परत उलगडली. "गाव इसरलं न्हाई. मरस्तोवर इसरलं न्हाई."

मी रडले. गिऱ्हाईक आलं होतं ते पायरीवरूनच परत फिरलं. माझ्या हातून चूक झाली, मला माफ करा, असं मी म्हणाले. दोन वर्षं जे चंदगडला जाऊन बोलायचं होतं, ते आता दुकानातच बसून बोलत होते.

रेडेकर रागावले नाहीत. "मला कशाला सांगतीस?" एवढंच म्हणाले. "सांगायचं तो गेला. दोन तासांची एसटी हुती."

त्यानंतर मी चंदगडला गेले, गावड्यांच्या बायकोच्या पाया पडून आले. तिनं चहा केला, वाईट शब्द काढला नाही, आणि दाराबाहेर सोडायला आली नाही. तिनं केलं ते बरोबरच केलं.

पण त्या दिवशीचं राहिलंच. रेडेकरांनी डोळे पुसले आणि कामाचं बोलले. शपथ धाकलूबरोबर गेली, म्हणाले. आता मी मोकळा. येत्या सव्वीसला त्याच्या गावच्या शाळेत जाणार आहे. हेडमास्तराला भेटून आलोय. सगळ्या गावासमोर उभा राहून सांगणार. सरनोबत सायबालाही सांगून आलो. त्यो खुर्चीवरनं उठून हुभा ऱ्हायला, आणि तसाच हुभा ऱ्हायला. मेडल काढून घ्यायचं तर घेऊ देत.

त्यांच्या कोटावर डाव्या बाजूला त्यांच्या दोन साध्या मेडलांची पट्टी आधीच लावलेली होती. मी सवयीनं ती काढायला हात पुढे केला, सेना मेडल त्यांच्या पुढे बसवायला. त्यांनी माझा हात अडवला.

"तिथं न्हाई. ते वेगळं कर. एकटंच. आणि हिकडं लाव." त्यांनी बोटं नसलेला हात उचलून उजव्या छातीवर ठेवला.

मी हावळांची मुलगी. नियम माझ्या तोंडून आपोआप निघाला. "मामा, उजवीकडे गेलेल्या माणसाचं लावतात. घरच्यांनी. हे तर तुमचं आहे, कडेवर तुमचं..."

"बरोबर सांगतीस," रेडेकर म्हणाले. "यंदाचं साल धाकलूचं हाय."

मागच्या खोलीत बाबांनी चष्मा काढून ठेवल्याचा आवाज आला. मी एक लहान पट्टी कापली, एकट्या मेडलपुरती, पाठीला बनातीचं लाल लोकरी कापड लावलं, टाके घातले. घाई केली नाही. रेडेकरांना डाव्या हातानं उजवीकडे पिन लावता येईना, म्हणून मीच ती त्यांच्या कोटाला लावली. निळ्या काठाचा रुमाल त्यांनी वरच्या खिशात ठेवला.

त्यांचं मेडल कुणी परत मागवलं नाही. ते पुढे सात वर्षं येत राहिले. सम सालात मी ते त्यांच्या डाव्या पट्टीवर इतर दोन मेडलांच्या पुढे चढवी आणि विषम सालात उसवून उजवीकडे एकटं लावी. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत डावीकडे लावलं होतं. नव्याण्णवच्या जानेवारीत मी लहान पट्टी आधीच कापून ठेवली होती. ती अजून माझ्या खणात आहे.